किनाऱ्याला लागलेलं जहाज बघायला जाताय? या चुका टाळा

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन आदळलेलं ‘बसरा स्टार’ वर्षानुवर्षं तिथेच राहिलं आणि सेल्फीचं ठिकाण होऊन बसलं. गोव्यात कांदोळीला ‘रिव्हर प्रिन्सेस’ 2000 साली रुतलं, ते पुढची जवळजवळ बारा वर्षं पर्यटक बघत होते. असं जहाज जरूर बघावं. फक्त एक ध्यानात ठेवा: जहाजापेक्षा त्याच्या भोवतीचं पाणी आणि वाळू जास्त दगा देतात.

भरतीची वेळ न बघता निघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. हा अंदाज झाला. जायच्या दिवशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि तिथल्या मच्छीमारांना विचारून घ्या.

ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा. ‘अजून घोट्याएवढंच आहे’ म्हणून थांबू नका. पाणी एका गतीने चढत नाही, भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने वाढतं. शिवाय तुम्ही समोर लाटांकडे बघत असता आणि तेवढ्यात जहाज व किनारा यांच्यामधला सखल पट्टा पाठीमागून भरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जाऊच नका. पावसाळ्यातही नको, जहाज बंधाऱ्यावरून लांबून बघा.

जहाजाला टेकून फोटो

लाटा जहाजाला आपटून वळतात आणि त्याच्या बुडाशी वाळू उकरतात. ओहोटीला तिथे डबकं दिसतं, वर शांत पाणी आणि खाली किती खोल ते कळत नाही. कडेची वाळू वरून घट्ट वाटते, पाय दिला की ढासळते. लहान मुलांना तर त्या डबक्यात अजिबात सोडू नका. वर गंजून लटकलेले पत्रे आणि साखळ्या असतात, त्या कधी सुटतील याचा नेम नाही.

वर चढणं, आत शिरणं

हे करूच नका. बंद टाकीत लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खात राहतं. आत वास नसतो, अंधार सोडला तर काही वेगळं वाटत नाही आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. कोणी आत पडलंच तर मागोमाग उतरू नका, बाहेरून मदत बोलवा.

जहाजाचा तुकडा आठवण म्हणून आणणं हा कायद्याने गुन्हा ठरू शकतो. गाडी पुळणीवर घालू नका. रुतली आणि भरती आली तर गाडी गेली म्हणून समजा.

अडकलात तर

पाय रुतला तर जोराने उपसू नका. अंग मागे टाकून वजन पसरवा, पाय हळूहळू हलवत पाणी आत शिरू द्या, मग सोडवा. जहाजाच्या बाजूने आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्या उलट पोहू नका. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक मारा, ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर आणि जहाजापासून लांबच्या दिशेने बाहेर पडा. गंजलेला पत्रा लागला तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

मदतीसाठी 112, समुद्रात कोणी वाहून जात असेल तर तटरक्षक दलाचा 1554. फोनवर किनाऱ्याचं नाव आणि माणूस जहाजाच्या कोणत्या बाजूला आहे, हे आधी सांगा.