लेइपायूस्तो खायचं कसं? वाईच्या स्वयंपाकघरातून

लेइपायूस्तो हे फिनलंडचं चीज फ्रीजमधून काढून तसंच थंडगार तोंडात टाकलंत तर म्हणाल, यात काय विशेष? पनीरच की! म्हणून आधीच सांगते, या चीजला ऊब द्यायची. तव्यावर, ओव्हनमध्ये, नाहीतर सरळ कॉफीच्या कपात. गरम झालं की ते मऊ पडतं, पण पिझ्झ्यावरच्या चीजसारखं वितळून पसरत नाही, आणि चावताना दातांखाली कुईकुई वाजतं. वाजलं नाही तर समजा की जुनं आहे किंवा थंड आहे.

चीज फिनलंडच्या उत्तरेकडचं. ताटलीएवढं गोल, जेमतेम बोटभर जाड, दोन्ही अंगांनी भाजल्याचे तपकिरी डाग. जुनी रीत गाय व्यायल्यावर येणाऱ्या चिकापासून करायची. आपण चिकात गूळ-वेलची घालून खरवस उकडला, त्यांनी तोच चीक थापून विस्तवासमोर भाजला. हल्ली तिकडेही साध्या दुधाचंच करतात. माझी भाची तिकडच्या ओउलू शहरात असते, तिच्यामुळे हे आमच्या घरात शिरलं.

वाईत विकत मिळण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा करण्याचं थोडक्यात सांगते. पाच लिटर गाईचं ताजं दूध घ्या. टेट्रा पॅकमधलं नको, ते नीट धरत नाही. चवीपुरतं मीठ घालून 37-38 अंशांपर्यंत कोमट करा आणि शाकाहारी रेनेट (दूध घट्ट धरवणारं विकर) थोड्या थंड पाण्यात कालवून घाला. किती ते बाटलीवर लिहिलेलं असतं. पाऊण तास हात लावू नका. दही लागल्यासारखं घट्ट झालं की सुरीने चौकोन पाडा, हलक्या हाताने ढवळा, फडक्यात गाळा. गोळा पसरट भांड्यात तळहाताने दीडेक सेंटिमीटर जाडीचा थापा आणि ओटीजीत 230 अंशांवर वरच्या कॉइलखाली ठेवा. मधेमधे पाणी सुटतं, ते ओतून टाकत जा. डाग पडले की उलटा, दुसरी बाजू भाजा. सुटलेल्या पाण्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.

लिंबू पिळून दूध फाडलं तर चालेल का, असं शेजारची प्रत्येक बाई विचारते. नाही चालणार. आंबटाने दुधातलं कॅल्शियम सुटून निघून जातं. रेनेटने ते प्रथिनांच्या जाळ्यातच राहतं, आणि कुईकुई आवाज व न वितळणं ही दोन्ही त्याचीच करामत. लिंबाने होईल ते पनीर. चांगलं होईल, पण पनीरच.

आता खायचं कसं. तिकडची सगळ्यात लाडकी जोडी म्हणजे गरम लेइपायूस्तो आणि लाक्काचा जॅम. लाक्का म्हणजे उत्तरेच्या दलदलीत उगवणारं केशरी-पिवळं, चांगलंच आंबट बोरासारखं फळ. ते आपल्याकडे येत नाही. लोक त्याजागी स्ट्रॉबेरी जॅम वाढतात, आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा मला अभिमान असला तरी इथे ती चालत नाही. बाजारच्या जॅममध्ये साखर फार, चीजही गोडसर, मग सगळंच गुळमट होतं. मला पटली ती गूजबेरी. पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर कागदी सालीत गुंडाळलेली पिवळी गोल फळं विकायला असतात, तीच. पाव किलो फळं साली काढून धुवा, शंभर ग्रॅम साखर घाला, पाणी अजिबात नको. मंद आचेवर ती एकेक करून फुटतात, रस सुटतो, दहा-पंधरा मिनिटांत रंग गडद होतो. सैलसरच ठेवा, घट्ट जॅम करू नका. चीजचे त्रिकोणी तुकडे कोरड्या तव्यावर दोन्हीकडून तांबूस करा आणि गरम असतानाच वर चमचाभर घाला. मे महिन्यात करवंदाचा मुरंबाही छान जातो. मधाळ आंब्याचा मात्र नको.

दुसरा प्रकार पाहुण्यांसाठी. तुकडे काचेच्या पसरट भांड्यात मांडा, वर साय ओता. म्हशीच्या दुधाची असेल तर दोन चमचे दूध घालून सैल करून घ्या, नाहीतर तिचं तूप सुटतं. वर साखर आणि दालचिनी भुरभुरवा, 180 अंशांवर दहा-बारा मिनिटं. कडेने साय खदखदली की काढा. वर तीच गूजबेरी. सासूबाई याला ‘भाजका खरवस’ म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात.

तिसरी गोष्ट कॉफीची, आणि माझ्या मते हीच खरी. फिनलंड-स्वीडनच्या उत्तर टोकाला कपाच्या तळाशी चीजचे बोटाच्या पेराएवढे तुकडे टाकतात आणि वरून कडकडीत काळी कॉफी ओततात. दोन मिनिटं थांबायचं. कॉफीवर लोण्याचे बारीक सोनेरी थेंब तरंगायला लागतात. आधी कॉफी प्यायची, मग तळातले मऊ पडलेले तुकडे चमच्याने खायचे. चिकोरी मिसळलेली पावडर यात कडू लागते, शुद्ध कॉफीच घ्या, तीही फार काळी भाजलेली नको. दुधाची कॉफी नकोच. आल्याच्या चहात बुडवून बघणारे आमच्याच घरात आहेत. त्यांनी पुन्हा मागितलं नाही, एवढंच सांगते.

तिखटाचं म्हणाल तर थोडक्यात. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीत भाजलेले तुकडे घाला, दही वगळा. थंडीत हुरड्याला गेलात तर आगटीच्या कडेला जाळीवर ठेवा, वर मिरपूड आणि लिंबाची फोड. मूळ रीतही विस्तवाच्या धगीची असल्याने हे त्याला मानवतं. तांबड्या रश्श्यात किंवा पालकात मात्र टाकू नका. मसाला आत मुरत नाही, बाहेरच राहतो, आणि चीजची दुधाळ चव मसाल्याखाली जाते. तिथे पनीर घाला, स्वस्तही पडेल.

ठेवायचं असेल तर पूर्ण निवू द्या, फडक्याने कोरडं करा, मग डब्यात. आठवडाभरात संपवा. जास्त केलं असेल तर चार तुकडे करून वेगवेगळ्या पिशव्यांत फ्रीझरमध्ये टाका. आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवून ठेवा आणि सकाळी तव्यावर घ्या. गरम झालं की आवाजही परत येतो.