काता चोख, कुमितेत गाडी अडते? या चुका टाळा

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, कुठल्याही कराटे क्लासात अशी मुलं भेटतात. काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली, एकदम चोख, पण कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत, म्हटलं की हळूच मागच्या रांगेत सरकतात. सराव भरपूर असतो, फक्त तो जमतं त्याचाच होतो.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे कायमचा एकच जोडीदार. त्याचा ठोसा कुठून येणार हे अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून तुम्ही बघायचंच सोडून देता. जोडीदार बदला. कधी उंच, कधी डावखुरा, कधी खालच्या बेल्टचा घ्या. खालच्या बेल्टबरोबर खेळण्यात कमीपणा अजिबात नाही. नवखा मुलगा भलत्याच वेळी हात टाकतो आणि तेच तुम्हाला हवंय.

याच्या उलट, भीती मोडायची म्हणून काही जण थेट ब्लॅक बेल्टसमोर पूर्ण जोरात उतरतात. मार बसतो आणि डोळे मिटायची सवय आणखी पक्की होते. डोळे मिटत असतील तर वेग निम्म्यावर आणा. जोडीदाराने सरळ ठोसे टाकायचे, चेहऱ्याच्या वीतभर अलीकडे थांबवायचे. तुम्ही उलट मारायचं नाही, नजर त्याच्या छाती-खांद्यांवर ठेवून श्वास सोडत राहायचं. श्वास कोंडला की खांदे वर चढतात आणि ब्लॉक उशिरा येतो. डोळे उघडे राहू लागले की वेग वाढवा, पण त्याच दिवशी जोडीदारही बदलू नका.

कराटेऐवजी ज्युदो शिकत असाल, तर तिथे खरी अडचण पडण्याची. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या या खेळात उकेमी, म्हणजे नीट पडणं, सुरुवातीलाच शिकवतात. घाईत हात टेकून पडलात तर मनगट जातं. उकिडवे बसा, हनुवटी छातीला लावा, पाठ गोल करून मागे लोळा आणि दोन्ही हात अंगापासून थोडे लांब मॅटवर आपटा. हे लादीवर करू नका.

पुळणीवर सराव करत असाल तर कोरड्या भुसभुशीत वाळूत गिरकी घेऊन किक मारू नका. पाय रुततो, गुडघा पिळवटतो. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू बरी. पावसाळ्यात हॉलची लादी दमट हवेने आणि घामाने निसरडी होते, मध्ये मध्ये कोरडं फडकं फिरवा.

भीतीने पोटात गोळा आला तर सराव चालू ठेवा. सांध्यात कळ आली तर तिथेच थांबा आणि सरांना सांगा.