सोशल नेटवर्कचं चित्र काढताना या चुका टाळा

सोशल नेटवर्कच्या चित्रात प्रत्येक माणूस म्हणजे एक बिंदू आणि दोघांमधलं नातं म्हणजे एक रेषा. सरावासाठी बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा झॅकरी या संशोधकांनी अभ्यासलेल्या कराटे क्लबचा डेटाच येतो. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला हा क्लब, अभ्यास 1970 ते 1972 या काळातला, निबंध 1977 सालचा. 34 सदस्य, मैत्रीच्या 78 रेषा. पुढे प्रशिक्षक (क्रमांक 1) आणि पदाधिकारी (क्रमांक 34) यांच्यातल्या वादातून क्लब फुटला. डेटा एवढासा, पण नेहमीच्या सगळ्या चुका त्यात भेटतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चित्रातलं अंतर खरं मानणं. 15, 16, 19, 21 आणि 23 हे पाच बिंदू बहुतेक मांडण्यांमध्ये एकाच घोळक्यात दिसतात. बघणारा लगेच म्हणतो, हे जिवलग मित्र! प्रत्यक्षात त्यांच्यात आपसात एकही रेषा नाही. पाचही जण फक्त 33 आणि 34 शी जोडलेले आहेत, म्हणून चित्र काढणारा प्रोग्राम त्यांना एकाच बाजूला ओढतो. रँडम सीड (बिंदूंची सुरुवातीची जागा ठरवणारा आकडा) बदला, सगळं चित्र फिरेल, डावीकडचे उजवीकडे जातील. नाती मात्र तीच राहतील. म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी तीन-चार वेगळ्या सीडवर चित्र काढून बघाच.

आकडे जुळत नसतील तर मॅट्रिक्सकडे वळा, म्हणजे कोण कुणाशी जोडलेला हे 1 आणि 0 नी दाखवणाऱ्या तक्त्याकडे. मैत्री दुतर्फी असेल तर मॅट्रिक्स कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी हवी आणि नोंदींची बेरीज रेषांच्या दुप्पट, म्हणजे इथे 156. मूळ निबंधातच 23 आणि 34 च्या जोडीत विसंगती आहे, त्यामुळे कुणी 77 रेषा मोजतं, कुणी 78. बेरीज 156 पेक्षा बरीच जास्त आली तर नात्यांचं वजनही, म्हणजे नातं किती घट्ट हेही, मोजलं गेलंय. आणि पायथनच्या नेटवर्कएक्स या नेटवर्कसाठीच्या लायब्ररीमध्ये क्रमांक 0 पासून सुरू होतात. तिथला 33 म्हणजे निबंधातला 34. या एका आकड्यापायी तास वाया जातात.

ज्याच्या रेषा जास्त तोच महत्त्वाचा, हेही घाईचं. 34 ला 17 रेषा, 1 ला 16. पण इतरांमधल्या सर्वांत छोट्या वाटा कुणावरून जातात हे मोजलं की 1 पुढे निघतो: 0 ते 1 च्या मापावर त्याचे साधारण 0.44, तर 34 चे 0.30. दोघांमध्ये थेट रेषा नाही. मॅट्रिक्सचा वर्ग करा (तिला तिनेच गुणा), म्हणजे प्रत्येक जोडीचे समाईक मित्र मोजले जातात. त्यांच्या जोडीच्या रकान्यात 4 दिसेल. 9, 14, 20 आणि 32 हे ते चार समाईक मित्र. वादातल्या दोघांशीही थेट मैत्री असलेले हेच.