ओबडधोबड भिंतीला लायनिंग पेपर कसा लावावा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात पेठांमधल्या जुन्या घरांच्या भिंती जाड, गिलावा बऱ्याचदा चुन्याचा आणि वर वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर. अशा बेडरूमला नुसता नवा रंग दिला की भिंत सुधारत नाही, उलट प्रत्येक खड्डा आणि जुन्या पुट्टीची कड उठून दिसते. सगळा गिलावा उतरवायचा तर गवंडी, धूळ आणि मोठा खर्च. लायनिंग पेपर हा मधला मार्ग आहे. हा बिननक्षीचा जाडसर कागद. इंग्लंडमध्ये तो भिंतीला लावून वरून रंग देण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही, पण घरच्या माणसाला सावकाश जमेल असं हे काम आहे.

मात्र कागद भिंत सरळ करत नाही. बारीक भेगा, खरखर, जुन्या रंगाच्या कडा तो झाकतो. भिंतीला पोट आलं असेल, तर कागदालाही पोटच येणार.

आधी भिंत, मग कागद

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडच्या भिंती पाणी पितात, त्यातही पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत झड खाऊन जास्त ओली होते. गणपती झाले की दिवाळीआधी खोली तयार करायची घाई सगळ्यांनाच असते, पण या कामाला ती घाई नको. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ उत्तम.

ओल तपासायला दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले, तर ओल भिंतीतून येते आहे. गळकी पाइप, गच्चीचा उतार, बाहेरची भेग, जे काही कारण असेल ते आधी दुरुस्त करा. पंचगंगेच्या पुराचं पाणी 2019 किंवा 2021 मध्ये ज्या घरांत शिरलं, तिथे खालच्या भागात लोणा फुटलेला असतो. त्या भिंतीवर कागद टिकणार नाही, काही महिन्यांत फुगून सुटेल. तिथे पैसे घालवू नका.

मग बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा. जिथे बद्द वाजते तिथला गिलावा सुटलेला आहे, तेवढा काढून नवा भरून घ्या. तळहात फिरवल्यावर पांढरं लागलं तर तो जुना चुना किंवा डिस्टेंपर. तो पत्र्याने खरवडून, धुऊन, वाळल्यावर प्राइमरचा एक हात द्यायलाच हवा, नाहीतर कागद भिंतीऐवजी त्या भुकटीला चिकटतो. गुळगुळीत ऑइल पेंट असेल तर पाणी लावून पॉलिश पेपरने घासा, म्हणजे पकड येईल. 2017 आधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, मास्क लावा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला लावून आडवी धरा. दिवसा न दिसणारे सगळे उंचवटे सावलीसह समोर येतात. खड्डे पुट्टीने भरा, उंचवटे घासा. या कामाला दिलेला एक दिवस पुढे चार दिवसांचा त्रास वाचवतो.

काय आणि किती आणायचं

रंगाच्या प्रत्येक दुकानात हा कागद मिळत नाही. वॉलपेपरचं काम करणाऱ्यांकडे ऑर्डर द्या किंवा ऑनलाइन मागवा. जाडी आकड्यांत सांगतात, साधारण 800 पासून 2000 पर्यंत. 800 चा कागद ओला झाला की नवख्या हातात फाटतो, 2000 चा ताठ असतो आणि कोपऱ्यात वळत नाही. मी 1400 सुचवेन.

एक रोल साधारण 56 सेंटीमीटर रुंद आणि 10 मीटर लांब असतो. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट धरा. चारही भिंतींची लांबी मिळून 44 फूट, म्हणजे उभ्या 24 पट्ट्या. वर-खाली दोन-दोन इंच जादा धरले तरी एका रोलमधून तीन पट्ट्या निघतात, म्हणून आठ रोल. नववा हाताशी असू द्या.

वॉलपेपरची तयार पेस्ट पावडर घ्या, बुरशीरोधक असेल तर अधिक चांगली. मैद्याची खळ वापरू नका. आपल्या दमट हवेत तिला बुरशी येते आणि झुरळं, कसर लागते. बाकी सामान शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत सहज मिळेल: ओळंबा, रुंद ब्रश, कटर आणि भरपूर ब्लेड, लांब कात्री, स्पंज.

लावायला सुरुवात

आदल्या दिवशी पातळ पेस्टचा एक हात भिंतीला देऊन वाळू द्या. भिंत मग पेस्टमधलं पाणी एकदम शोषत नाही आणि कागद जागेवर सरकवता येतो.

वर रंगच द्यायचा असेल तर पट्ट्या उभ्या लावा. नक्षीचा वॉलपेपर लावणार असाल तर आडव्या, म्हणजे दोन्ही कागदांचे सांधे एकावर एक येत नाहीत. आडव्या पट्टीला मात्र दोन माणसं हवीत.

जुन्या घराच्या कोपऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोपऱ्यापासून 54 सेंटीमीटरवर ओळंबा सोडून पेन्सिलने उभी रेघ मारा. पहिली पट्टी या रेघेला लावायची, उरलेले दोन सेंटीमीटर कोपऱ्यातून शेजारच्या भिंतीवर वळतील. पुढच्या भिंतीवर पुन्हा नवा ओळंबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कागद भिजू देणं. टेबलावर पट्टी पसरून मधून कडांकडे पेस्ट लावा, कड एक बोटभरही कोरडी ठेवू नका. पेस्टची बाजू आत ठेवून दोन्ही टोकं मध्यावर दुमडा, पण घडी दाबू नका. सुरुवातीला कडा वर उचलल्या जातात, कागद कुरकुरतो. पाच-सात मिनिटांनी तो मऊ पडतो आणि ओल्या धोतरासारखा हातावर लोंबतो. आता तो तयार आहे. ओला कागद रुंदीत थोडा वाढतो, म्हणून प्रत्येक पट्टीला सारखाच वेळ द्या. एक तीन मिनिटं आणि दुसरी दहा मिनिटं भिजली की भिंतीवर बुडबुडे येतात आणि सांधे उघडतात. पाकिटावरची वेळ पाहा आणि मोबाइलवर गजर लावा.

वर दोन इंच जादा ठेवून पट्टी रेघेला जुळवा आणि ब्रशने मधून बाहेर हवा काढत खाली या. शेजारची पट्टी अगदी कडेला कड लावून बसवा, एकावर एक चढवू नका, कारण चढलेली कड रंगातूनही दिसते. केसभर फट राहिली तर चालेल, ती नंतर भरता येते. छताजवळ कात्रीच्या बोथट पाठीने घडी उमटवा, कागद हळूच मागे घेऊन त्या रेघेवर कापा आणि परत बसवा. कटर वापरत असाल तर दर दोन-तीन पट्ट्यांनी ब्लेड बदला, बोथट ब्लेड ओला कागद ओढून फाडतं.

स्विचबोर्डापाशी आधी मेन स्विच बंद करा. कागद बोर्डावरून सोडून मधून कोपऱ्यांकडे तिरक्या चिरा द्या आणि पाकळ्या कडेला कापा.

लहान बुडबुडे दिसले तर हात लावू नका, वाळताना बरेचसे बसतात. आणि पंखा लावू नका! कागद घाईने वाळला की आकसतो आणि सांधे फाकतात. दोन दिवस हळूहळू वाळू द्या. तरीही उरलेल्या बुडबुड्यांना बारीक चीर देऊन आत पेस्ट सोडा आणि दाबा.

सांध्यांत बारीक पुट्टी भरा आणि बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, कागद सोलवटू देऊ नका. पहिला हात थोडं पाणी घातलेल्या इमल्शनचा, मग दोन नेहमीचे. रंग मॅटच घ्या, चकाकणारा रंग भिंतीचा प्रत्येक चढ-उतार पुन्हा दाखवतो. कपाट बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ठेवा, पावसाळ्यात मागे हवा खेळायला हवी.