भावगीतं-नाट्यगीतांचं संकलन करताय? या चुका टाळा

गाणी सगळी आवडीची, तरी चौथ्या-पाचव्या गाण्याला ऐकणाऱ्यांच्या गप्पा सुरू होतात. अशा वेळी गाणी बदलण्याआधी त्यांचे सांधे तपासा. एका गाण्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात, एवढाच तुकडा सलग ऐका. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर आहे ते, न बघणं ही सर्वांत मोठी चूक. पांढरी एकमधलं (पेटीची पहिली पांढरी पट्टी सा धरलेलं) गाणं संपून लगेच काळी एकमधलं सुरू झालं, की कानात आधीचा सा रेंगाळत असतो आणि नवं गाणं बेसूर वाटू लागतं. गायक मात्र अगदी सुरात असतो. पेटीवर किंवा तानपुऱ्याच्या ॲपवर दोन्ही गाण्यांचा सा शोधा. पांढरी एकनंतर पांढरी चार छान बसते, कारण जुना सा नव्या गाण्यात पंचम, म्हणजे प होऊन राहतो. क्रम बदलणं शक्य नसेल तर मध्ये चार-पाच सेकंद शांत जाऊ द्या.

जुनं गाणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर पुढचं अंगावर येतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉर्मलाइझ’ करूनही फरक पडत नाही, कारण ते फक्त आवाजाचं सर्वांत उंच टोक बघतं. जुन्या तबकडीवरची एखादी टिचकीच ते टोक असते आणि गळा खालीच राहतो. तिथे कानाला जाणवणारा एकूण आवाज जुळवणारं ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ वापरा. खरखर पुसण्याच्या नादात आवाजाची धार मात्र घालवू नका. थोडी खरखर चालते, बोथट झालेली तान चालत नाही.

क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरत असतानाच त्यावर पुढचं सुरू करण्याची सोय, बंदच ठेवा. स्पॉटिफायवर तो 12 सेकंदांपर्यंत नेता येतो. तेवढ्यात शेवटची तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) आणि पुढच्या भावगीताची सुरुवातीची बासरी एकमेकांत कालवली जाते.

78 आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची, त्यामुळे तिच्यावरचं नाट्यपद पहिल्या ओळीपासूनच रंगात येतं. वीस मिनिटांच्या ख्यालानंतर असं एकच पद तुटक वाटतं. दोन-तीन सलग घ्या.

भैरवी मध्येच नको. ती लागली की मैफल संपली, हे आपल्या कानात पक्कं बसलंय.

आणि पेन ड्राइव्हवर क्रम बिघडत असेल तर फाइलच्या नावाआधी 01, 02 असे आकडे घाला, त्याच क्रमानं एकेक फाइल कॉपी करा, शफल बंद आहे ना तेही बघा.