पर्यावरणपूरक सवय लावायचीय? मनाच्या पळवाटा आधी बंद करा

लोकांना माहिती नाही म्हणून ते बदलत नाहीत, हे गृहीतकच चुकीचं आहे. माहिती बहुतेकांकडे असते. गाडी अडते ती पुढे.

१. कृती एकच निवडा, पण वजनदार. २०१७ साली वाइन्स आणि निकोलस या संशोधकांनी मांडलेल्या आकड्यांनुसार अटलांटिकपारची एक परतीची विमानफेरी टाळली तर सुमारे १.६ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचतं. वर्षभर कसोशीने कचरा पुनर्वापराला दिला तरी ०.२ टनच. सोपं म्हणून छोटं निवडू नका.

२. वेळ आणि जागा ठरवा. 'गाडी कमी वापरेन' हा संकल्प नव्हे. 'मंगळवारी आणि गुरुवारी कामाला बसनेच' हा संकल्प.

३. सूट घेणं थांबवा. बहुतेक जण इथेच घसरतात, आणि आपण घसरलोय हे त्यांना कळतही नाही. मन हिशेब ठेवतं तो चांगुलपणाचा, कार्बनचा नाही. कापडी पिशवी नेली की खात्यात पुण्य जमा, मग तेच दुसरीकडे खर्च. कमी विजेचे दिवे बसवले की ते जळतेच राहतात. जास्त मायलेजची गाडी आली की फेऱ्या वाढतात.

'एवढं तर चालतं' किंवा 'तसंही मी बाकी सगळं करतोच' असं मनात आलं, की सूट घेतली जातेय असं समजा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. कृती मोजू नका, एकक मोजा: महिन्याला किती युनिट वीज, किती लिटर इंधन. वहीत दर महिन्याच्या एकाच तारखेला मीटरचा आकडा लिहा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा, कारण ऋतू बदलला की मागच्या महिन्याशी केलेली तुलना फसवते. आकडा हलला नसेल तर केलेलं सगळं समाधानापुरतं होतं. 'स्वतःला बक्षीस द्या' हा लोकप्रिय सल्ला तर इथे घातकच. बक्षीस म्हणून खरेदी किंवा सहल आली, की वाचवलेलं त्यातच गेलं.

४. इतरांना सांगताना 'सगळेच उधळपट्टी करतात' म्हणू नका. ऐकणारा तेच प्रमाण मानतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये एका प्रयोगात घरोघरी शेजाऱ्यांच्या वीजवापराची सरासरी कळवली, तेव्हा कमी वापरणाऱ्यांचा वापर उलट वाढला. त्यांच्या कागदावर शाबासकीचा एक हसरा चेहरा काढल्यावर ती वाढ जवळपास थांबली.

५. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू. २१ दिवसांत सवय लागते हा नियम विसरा. २०१० च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागल्याचं दिसलं, आणि मधला एखादा खाडा फारसा नडला नाही.