जीव वाचवायला धावताना या चुका टाळा

"तसलं काही डोक्यात नाही ना तुझ्या?"

गेली बारा-तेरा वर्षं मी कोल्हापुरात पेठेतल्या, तालमीतल्या, वर्कशॉपमधल्या माणसांच्या अडचणीत जातोय. डॉक्टर नाही, उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. पण कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत का हे विचारतानाची ही एक चूक मला अजून दर महिन्याला दिसते. विचारणारा माणूस चांगला असतो, तळमळीनं गेलेला असतो, खांद्यावर हात ठेवून विचारतो आणि वाक्याला 'ना' लावतो. 'जेवलास ना?' 'पोचलास ना घरी?' आपल्याकडं 'ना' लागला की उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं, समोरच्यानं फक्त मान हलवायची. आणि 'नाही ना' म्हणताना तर आपण त्याला विनवत असतो, की बाबा, नाही म्हण आणि मला मोकळं कर.

मी स्वतः हे केलंय. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत जाणारा पोरगा, आमच्याच फुटबॉल संघातला. भिशीचे पैसे अंगावर, हातउसने झालेले, हप्ता थकला म्हणून गाडी ओढून नेलेली. खेळायच्या बुटांना तो कुणाला हात लावू देत नव्हता, आणि एक दिवस ते बूट त्यानं धाकट्या संघातल्या पोराला देऊन टाकले. मला खटकलं. जीवापाड जपलेली वस्तू माणूस अशी अचानक देऊन टाकतो तेव्हा आपण थांबायचं असतं, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. संध्याकाळी त्याला घेऊन रंकाळ्यावर बसलो. तासभर इकडचं-तिकडचं बोललो आणि उठता उठता तो प्रश्न विचारला.

"न्हाई ओ दादा, तसलं काय न्हाई."

मला केवढं हलकं वाटलं. दोघांनी भेळ खाल्ली, मी घरी जाऊन शांत झोपलो. अकराव्या दिवशी रात्री दोनला फोन आला आणि उजाडेपर्यंत मी आयसीयूच्या बाहेर त्याच्या वडिलांशेजारी फरशीवर बसून होतो. पोरगा वाचला. दीड-दोन महिन्यांनी एकदा आपणहून म्हणाला, "दादा, तुमास्नी न्हाई ऐकायचं हुतं. म्हणून मी न्हाई म्हटलं."

तेव्हापासून माझा प्रश्न एकच आहे: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" 'तसलं', 'वेडंवाकडं', 'चुकीचं पाऊल' ही आडवळणं नकोत. तुम्हीच आधी चुकीचं ठरवल्यावर तो कशाला कबूल करेल? सरळ विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. यावर पुष्कळ अभ्यास झालाय आणि तसं कुठं आढळलेलं नाही. मी ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांचे खांदेच खाली आले, कुणीतरी नाव घेतलं म्हणून. विचारल्यावर मात्र गप्प बसायचं. या कामात नव्यानं आलेल्या पोरांना नेमकं हेच जमत नाही. दोन सेकंद शांतता झाली की घाबरून तीच बोलायला लागतात, "म्हणजे तसं न्हवं, आपलं सहज विचारलं." मी मनात तीस मोजतो. बऱ्याचदा उत्तर वीसच्या पुढं येतं.

'हो' आलं, तर पुढचं विचारा: कसं, कधी, हे ठरवलंय का? त्यासाठी लागणारं हाताशी आहे का? तिथंही होकार असेल, तर त्या क्षणापासून त्याला एकटं सोडायचं नाही. सोबत बसून राहायचं आणि त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, किंवा जवळच्या रुग्णालयात न्यायचं. तिथं 'उद्या बघू' चालत नाही.

नंबर दिला, काम झालं?

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर स्टेटसला ठेवणारे खूप आहेत, शेजारी बसून लावून देणारे मोजके. बुडणाऱ्याला दोरीचं चित्र पाठवण्यासारखं आहे हे. ज्याला आंघोळीला उठायचंही बळ नाही, तो एकटा बसून नंबर कसा दाबेल? मी माझ्या फोनवरून लावतो, पलीकडून माणूस बोलला की फोन त्याच्या हातात देतो आणि तो नको म्हणेपर्यंत शेजारून उठत नाही. अंगावर आलेल्या प्रसंगाला १०८ नाहीतर ११२.

'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण इथं लावू नका. जे गेले त्यातले पुष्कळ जण आधी कुठं ना कुठं बोललेले असतात.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "गरजेपुरत्याच माणसांना सांगेन, आणि तुला विचारून सांगेन" एवढंच म्हणा.

दारू पिऊन आलेल्याला रात्री समजावत बसू नका. जवळ राहा, एकटं सोडू नका, बोलणं सकाळी करा.

आणि भाषणं आवरा. "आईबापाचा तरी विचार कर." "२०१९ च्या पुरात लोकांचं सगळं वाहून गेलं, ती उभी राहिलीच की." मनात असला विचार घोळत असणाऱ्याला आधीच वाटत असतं, की आपण घरच्यांना ओझं झालोय. त्यात तुम्ही आईबाप काढले की ओझं वाढतं. पूरग्रस्तांची आठवण तर भल्या माणसांनी माझ्यासमोर इतक्यांदा काढलीय की आता मी मध्येच थांबवतो. दुसऱ्याचं दुःख मोठं निघालं म्हणून याचं कमी होत नाही.

शेतातलं औषध

करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कुठल्याही गावात जा, फवारणीचं औषध गोठ्यात नाहीतर माळ्यावर सहज हाताला लागेल असं असतं. "मरायचं ठरवलंय त्याला काय, इथं नाही तर तिथं मिळेल," असं म्हणणाऱ्यांशी मी अनेकदा भांडलोय. श्रीलंकेनं सगळ्यात घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. लोकांनी सरसकट दुसरा मार्ग शोधला, असं झालं नाही. तीव्र लाट कित्येकदा काही तासांचीच असते. तेवढे तास वस्तू हाताशी नसणं हीच मोठी मदत. घरात कुणी खचलेलं असेल तर औषध भावकीत दुसऱ्याच्या घरी ठेवा, कुलपात ठेवा, किल्ली तिसऱ्याकडं द्या. लागेल तेवढंच आणा.

आणि कुणी काही घेतलंच असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढायचा उद्योग करू नका. अजून घरोघरी हेच करतात, आणि त्यात पोटातलं फुप्फुसात जाऊन माणूस जास्त अडचणीत येतो. तोंडावाटे काही न देता कुशीवर वळवा, १०८ बोलवा नाहीतर मिळेल त्या गाडीनं न्या, बाटली सोबत घ्या. वरून बरा दिसला तरी डॉक्टर सोडेपर्यंत घरी आणू नका.

दवाखान्यात न्यायला लोक कचरतात ते पोलिसांच्या भीतीनं. "केस होईल." म्हणून खोटं सांगतात, लहान दवाखान्यात लपवून ठेवतात, त्यात मोलाचा वेळ जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम घेतलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नाचं कलम तेवढं वेगळं आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो. जबाब म्हणजे गुन्हा नव्हे. डॉक्टरांना खरं सांगा.

घरी आणलं म्हणजे संपलं नाही

ही माझी दुसरी दुखरी जागा. करवीर तालुक्यातलं एक गाव, दोन मुलींची आई. रुग्णालयातून घरी आली तेव्हा आठ दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नारळपाणी, फळं, मावळणी, जावा, सगळ्यांचा एकच प्रश्न, "असं कसं केलंस गं?" चाळीस जणांनी विचारलं असेल. नवव्या दिवशी घर रिकामं. नवरा ऊसतोडीच्या गडबडीत. सासूला वाटलं सून आता हसतीय, गोळ्यांची सवय नको लागायला, म्हणून गोळ्या बंद. आम्हीही दुसऱ्या एका प्रसंगात अडकलो होतो, सोळा-सतरा दिवस तिकडं कुणी फिरकलं नाही. तिथल्या आशाताईंच्या लक्षात आलं, की ही दोन दिवस डेअरीत दूध घालायला आलेली नाही. त्या चालत घरी गेल्या. वेळेत पोचल्या, एवढंच सांगतो.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटतंय ते गोळ्यांमुळं असतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवायच्या नाहीत. आता माझ्याकडं वही आहे. पहिला आठवडा रोज, मग आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एकदा, असे तीन महिने. गावाकडची माणसं असतील तर दूध घालायच्या वेळेला फोन, कारण तेव्हा बोलायला माणूस घराबाहेर मोकळा सापडतो. 'का केलंस' कधीच नाही. जेवलीस का, झोप लागली का, गोळी घेतलीस का, पुढची तारीख कधीची, सोबत कोण येणार. यात काही विशेष नाही, नेमानं करणं तेवढं अवघड आहे.

एक चूक खास आपल्या कोल्हापूरची. तरुण पोरगं असं गेलं की दुसऱ्या दिवशी चौकात दहा फुटी डिजिटल फलक, गॉगल घातलेला फोटो, 'वाघ गेला', वर रील्स. मित्रांचं दुःख खरं आहे, मी त्यांच्याबरोबर रडलोय. पण त्या फलकाखाली दुसरं एखादं खचलेलं पोरगं उभं असतं आणि त्याला दिसतं, की मेल्यावर गाव आपलं नाव घेतं. फलक लावू नका. कसं झालं त्याचे तपशील, चिठ्ठीचे फोटो ग्रुपवर फिरवू नका. फलकाचे पैसे त्याच्या घरी द्या आणि महिनाभर रोज दोघं-दोघं त्याच्या आईजवळ जाऊन बसा.

दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन नावापुढं 'समुपदेशक' लावणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तुम्ही दार उघडून दिलंत तरी पुष्कळ. 'हे डिप्रेशन', 'ते बायपोलर' असली निदानं चहाच्या गाड्यावर करू नका. देवऋषाकडं जाणाऱ्या घराशीही भांडत बसू नका. जोतिबाला नारळ फोडून मग मानसोपचाराच्या ओपीडीत आलेली माणसं मी पाहिलीत, आणि ती बरी झालीत.

आणि एकटे जाऊ नका. आम्ही नेहमी दोघं जातो. परत आलो की तालमीत चहा होतो, जे ऐकलं ते नाव न घेता एकमेकांना सांगतो, आणि तेव्हाच वहीत पुढची तारीख टाकतो.